तिसरं पायडल

"बाबांच्या गाडीला क्लच कुठून आला, तुम्हाला काही माहितीये का?"

तात्यांच्या मुलानं परदेशातून फोन करून एवढंच विचारलं. तात्या जाऊन काही महिने झाले होते आणि त्यांची पिकअप विकायला काढली होती. गिऱ्हाईक बघायला आलं, तर कागदावर गाडी ऑटोमॅटिक आणि आत पायाशी तीन पायडलं. मुलगा चिडलेला नव्हता, गोंधळला होता. वडिलांना एकच हात, त्यांना एकट्याला चालवता यावी म्हणून त्यानं मुद्दाम बिनक्लचची गाडी घेऊन दिली होती. तिला कुणी क्लच बसवला असेल, तर वडिलांना कुणीतरी फसवलं असणार, असं त्याला वाटत होतं.

मी म्हणालो, मला काही कल्पना नाही.

कल्पना होती. फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. त्यानं वाचलं तर वाचलं.

मी तात्यांचा भाडेकरू. बारामतीत, इंदापूर रस्त्याच्या अंगाला त्यांचं घर, खाली ते आणि काकू, वर दोन खोल्यांत मी. दूध तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. बायको आणि मुलगी कऱ्हाडला, मुलीच्या शाळेपायी. डब्याचं जेवायचं, टीव्ही लावून ठेवायचा आणि झोपायचं, असं माझं चाललं होतं. तात्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी "पाव्हणं" म्हणाले, ते शेवटपर्यंत.

त्यांचा डावा हात मनगटापासून नव्हता. तरुणपणी कळसला, शेतावरच्या गोठ्यात कडबाकुट्टीनं घेतला. पण तो नाही म्हणून त्यांचं काही अडलेलं मी पाहिलं नाही. पाटाला उलटा खिळा ठोकून त्यावर कांदा रोवायचे आणि माझ्यापेक्षा बारीक चिरायचे. सदऱ्याची बटणं माणूस बोलेपर्यंत लावून मोकळे. घड्याळ मात्र डाव्याच हातावर, कोपराच्या जरा खाली. कुणी त्याकडं बघत राहिलं की म्हणायचे, "वेळ दावायला तरी हाय की." आणि गाडी चालवायचं लायसन? "काडलं तवा हात हुता. परत कुणी मोजाया आलं न्हाय."

असा माणूस रोज संध्याकाळी खालून हाक मारायचा, "पाव्हणं, जरा खाली या." कशाला, तर दोरीवरची चादर घडी करायला. एक टोक त्यांच्या उजव्या हातात, एक डाव्या काखेत, समोरची दोन माझ्याकडं. जवळ यायचं, टोकं द्यायची, मागं जायचं, परत जवळ यायचं. तेवढ्यात लॅबमधलं, कऱ्हाडचं, सगळं विचारून व्हायचं. काकू गेल्यावर हे सुरू झालं. एकदा मी म्हणालो, तात्या, कॉटवर पसरली तर एकट्यालाही घडी घालता येते. ते म्हणाले, "येकट्याला येतं म्हून येकट्यानंच करायचं, आसं कुणी सांगितलं?"

मी वरमलो. चादरीची घडी त्या दिवशी जरा जास्तच नीट झाली.

काकू होत्या तेव्हा त्यांच्याकडं जुनी जीप होती, आणि ती दोघं मिळून चालवायची. हे शब्दशः. तात्या स्टेअरिंगवर आणि गिअर काकूंकडं. हात गेल्यावर पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा तात्या स्टेअरिंग सोडून उजव्या हातानं गिअर टाकायला वाकले आणि जीप कालव्याच्या भरावावरून खाली गेली. लागलं कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी काकू शेजारी बसल्या, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी निसतं पुढं बगा." त्यानंतर चाळीसेक वर्षं तो दांडा त्यांचाच. बाईनं स्टेअरिंगला कधी हात लावला नाही, गाडी शिकली नाही, पण घाटात कुठं दुसरा आणि कुठं पहिला हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

मी सकाळी वरून बघायचो. काकू आधीच बसलेल्या, पदर खोचलेला. तात्या क्लच दाबून म्हणायचे, "हं." एवढंच. आकडा कधी सांगायचे नाहीत. त्या 'हं'वर काकूंचा हात हलायचा आणि जीप फाटकातून बाहेर पडायची, कळसच्या शेताला.

त्यांचं भांडणसुद्धा गिअरमध्ये व्हायचं. एकदा लासुर्ण्यात कुणाच्या लग्नाला गेले असताना तात्यांनी चारचौघांत तिथल्या पुरणपोळीचं कौतुक केलं. घरी अशी कधी खाल्ली नाही, असंही म्हणाले असावेत. काकूंनी निघताना पहिला टाकला, दुसरा टाकला आणि हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघायला लागल्या. तात्या क्लच दाबून 'हं', 'हं' करतायत, काकू ऊस बघतायत. लासुर्ण्यापासून कळसपर्यंत गाडी दुसऱ्यात. "इंजन बोंबलतंय," तात्या सांगायचे, "मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ट्रॅक्टरवाला उतरून इचारतो, तात्या काय मोडलं? म्हनलं, काय न्हाय बाबा, रुसलीय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की दुसऱ्या कुणाच्या बायकोला असं रुसताच येत नसेल.

काकू आजारी पडल्या आणि आठवड्यात गेल्या. मुलगा आला, सगळं नीट केलं. जाण्याआधी जीप विकली आणि नवी पिकअप दारात उभी केली. दोन ओळी सीटची, मागं सामानाला हौदा, आणि ऑटोमॅटिक. शेजारीपाजारी जमले. मुलानं वडिलांना समजावून सांगितलं, की आता कुणाची गरज नाही, तुम्ही एकटे कुठंही जाऊ शकता.

मुलगा चांगला होता. हे मला लिहिलंच पाहिजे.

तात्या पहिल्यांदा ती गाडी घेऊन कळसला जाऊन आले आणि थेट वर माझ्याकडं आले. पाणी प्याले. म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पर मला काय इचारतच न्हाय." डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि रुंद ब्रेकवर पडायचा, की गाडी गचकन थांबायची. ते एक वेळ सुधारलं असतं. पण तोंडातून 'हं' निघायचं, आणि त्याच्या आधी नाहीतर नंतर, आपल्या मर्जीनं, गाडी गिअर बदलून मोकळी. "शेजारी मानूस हाय का न्हाय, तिला फरक पडत न्हाय, पाव्हणं. तुमच्या काकूनं रुसून गिअर टाकला नसंल, पर इचारल्याबिगर कदी टाकला न्हाय."

महिनाभर त्यांनी गाडी धुऊन पुसून फाटकाशी ठेवली आणि एसटीनं कळसला गेले. मग एका रविवारी मला म्हणाले, हिला साधी करून घ्यायची.

ड्रायव्हर ठेवा, मी म्हणालो. ते म्हणाले, मग मी काय करू, मागं बसून हात हलवू? बरं, गिअर टाकायला कुणी पगारी माणूस? "पगारी मानूस गिअर टाकंल. 'हं' म्हंजी काय, ते त्येला कोन शिकवनार?"

मग आमचे रविवार सुरू झाले. त्याच कंपनीची, त्याच जातीची, पण गिअरवाली गाडी कुठं मोडून पडलीय का, हे शोधायचं. तात्या चालवायचे, डावा पाय मुद्दाम सीटखाली दुमडून, आणि मी शेजारी. भंगारवाले पाहिले, गॅरेजं पालथी घातली. रस्त्यात तात्या कुणाच्याही गोठ्यात थांबायचे, म्हशीची चौकशी करायचे, ताक प्यायचे. माझी कुणाशी ओळख नसायची, तरी मला बाजेवर आधी बसवायचे. वडगाव निंबाळकरात एका लिंबाखाली तशी पिकअप सापडली. मागून ट्रकनं ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत. आतली कोंबडी हाकलून तात्या ड्रायव्हरच्या जागेवर बसले, क्लच दाबला, आणि मला काही न सांगता म्हणाले, "हं."

मी दांडा पुढं ढकलला. मेलेली गाडी, चाकांत हवा नाही, आणि आम्ही दोघं पहिल्या गिअरमध्ये बसलेलो. किती तरी दिवसांनी मी हसलो. डब्याचं जेवणारा माणूस कशावर हसेल ते सांगता येत नाही.

इंदापूरच्या एका मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. काम अवघड म्हणून नव्हे. काय काय लागेल ते त्यानं बोटांवर मोजून सांगितलं: अख्खी गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लचप्लेट, पायडलांचा सांगाडा, वायरिंगची उलथापालथ. कागदाचं काय, असंही विचारलं. त्यावर तात्या म्हणाले, कागद कोण चालवतंय? मिस्त्री हसला, पण मान हलवत राहिला.

"लोक गिअरची गाडी ऑटोमॅटिक करून मागत्यात, तात्या. त्येबी धडधाकट लोक. ही गाडी तर तुमच्यासाठीच बनवल्यावानी हाय. आज तुमी येकट्यानं चालवत हितवर आला. म्या हे काम केलं, का उद्यापासनं तुमाला येकट्याला गाडी न्हाय. शेजारी कोन बसनार?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मिस्त्रीच्या छपराला एक टायर टांगला होता, तो बघत राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं असतं तर मी कदाचित सटकलो असतो.

"मी आहे की," मी म्हणालो.

त्या वेळी ते खोटं नव्हतं. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

गाडी तयार व्हायला उन्हाळा गेला. सगळं बसलं, पण गाडी सुरूच होईना. तिच्यातल्या कॉम्प्युटरला जुनी गिअरबॉक्स सापडत नव्हती. शेवटी मिस्त्रीनं दोन वायरी जोडून त्याची अशी समजूत घातली, की गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. मग सुरू झाली. तेव्हापासून समोरच्या मीटरच्या काचेत पार्किंगचा इंग्रजी 'पी' कायम पेटलेला. गाडी साठच्या वेगानं पळतेय आणि तिला वाटतंय आपण फाटकाशी उभ्या आहोत. तात्यांना हे फार आवडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

रोज सकाळी कामाच्या आधी आम्ही कळसला जाऊन यायचो. पहिले दिवस मी गिअरचे दात करकरवले. उतावीळ 'हं' म्हणजे वरचा गिअर, लांबलेला 'हं' म्हणजे खालचा, हे हळूहळू कळलं. तात्या चुकलं तरी बोलायचे नाहीत, फक्त गिअरबॉक्सला म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, नवीन हायेत." एकदा लासुर्ण्याच्या अलीकडं डबल ट्रॉलीला मागं टाकताना त्यांनी क्लच दाबला आणि 'हं' म्हणायच्या आधी माझा हात हलला. चौथा लोण्यासारखा पडला. पुढं एका टपरीवर त्यांनी गाडी थांबवली, जिलबी घेतली आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर मी त्यांना सोडलं. आता ते कसं, ते लिहितो.

आधी लॅबमधल्यांनी मला तात्यांच्या शेजारी गिअर टाकताना पाहिलं. दोन दिवसांनी चहाला गेलो, तर एकानं जागा सरकवून दिली आणि म्हणाला, "या काकू, बसा." सगळे हसले, मीही हसलो. मग ते रोजचं झालं. काय काकू, आज कळसला न्हाय व्हय? काकू, पदर खोचा. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, नमुन्यावर माझी सही लागल्याशिवाय टँकर हलायचा नाही, आणि मला 'काकू' या शब्दाची लाज वाटायला लागली. त्या नावाच्या बाईला मी रोज वरून बघितलं होतं, माझ्या आजारपणात त्यांच्या हातची पेज प्यालो होतो, तरी वाटायला लागली. त्याच सुमारास बायको आणि मुलगी बारामतीला राहायला यायचं ठरलं. म्हणजे आता संध्याकाळी घरात माणसं असणार होती. आजवर मी स्वतःला सांगत आलो, की चेष्टेला कंटाळून सोडलं. ते अर्धंच. मला आता गरज नव्हती. माझे रिकामे रविवार भरायला तात्या चालले होते, त्यांची रिकामी सीट भरायला मी जन्मभर बांधलेलो नाही, असं मी मनात म्हणालो. अगदी याच शब्दांत.

तात्यांना सांगितलं, पाठ दुखते, मणक्याचा त्रास निघालाय, डॉक्टरांनी गाडीत बसू नका म्हणून सांगितलंय. कुठला डॉक्टर नि कुठलं काय.

ते म्हणाले, पाठीला जपा. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली इंजिनाचा आवाज आला. पडद्याआडून बघितलं. तात्या स्टेअरिंगवर बसले होते, डावीकडचं दार उघडं होतं आणि त्या सीटवर पाठीला टेकायला एक उशी ठेवली होती. काकूंच्या जुन्या इरकलीची खोळ होती तिला. त्यांनी हॉर्न वाजवला नाही. वर बघितलं नाही. समोर बघत बसले. इंजिन चालू होतं. मी पडदा हातात धरून उभा होतो, आणि आवाज बंद व्हायची वाट बघत होतो. पुष्कळ वेळानं झाला. मग ते उतरले, वळसा घालून डावं दार लावलं आणि एसटी स्टँडकडं चालत गेले.

असं किती दिवस चाललं ते मी मोजलेलं नाही. मी लवकर निघायला लागलो, मागच्या जिन्यानं.

महिन्याभरात मी गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं, लॅबजवळ पडतं म्हणून. टेम्पो आला त्या दिवशी हमाल उशीर करत होते. मी कॉट एकटाच ओढत जिन्यापर्यंत आणली, तर तात्या खालून वर आले आणि दुसरी बाजू उचलली. पाठीचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. मी एवढी जड कॉट उचललेली त्यांना दिसत होती. एकेक पायरी उतरत आम्ही ती खाली नेली. टेम्पोत ठेवल्यावर ते उजवा हात झटकत म्हणाले, "दोगांचं काम हाय हे. येकट्यानं केलं आसतं तर खरंच भरली आसती पाठ."

त्या 'खरंच'वर मी आजही अडतो.

त्यांना पुन्हा भेटलो ते गेल्या वर्षी, ऊस चालू असताना. मी मोटरसायकलवर इंदापूरला निघालो होतो. लासुर्ण्याच्या पुढं रस्ता तुंबलेला. ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो, हॉर्न. कडेकडेनं पुढं सरकत गेलो तसा एक आवाज यायला लागला, इंजिन वरच्या पट्टीत ओरडत असल्याचा. रांगेच्या तोंडाशी तीच पिकअप होती.

त्यांनी मार्ग काढला होता. उभ्या गाडीत उजवा हात पलीकडं नेऊन दुसरा गिअर टाकायचा, मग क्लच सावकाश सोडत निघायचं, आणि कळस येईपर्यंत तो बदलायचा नाही. पहिला नाही, तिसरा नाही. एकटा माणूस, एक हात स्टेअरिंगवर, आणि सगळा रस्ता दुसऱ्यात.

कळसच्या वळणाला एक ट्रॉली आडवी लागली आणि ते थांबले. मी डाव्या खिडकीशी मोटरसायकल लावली. तात्या बारीक झाले होते. कोपराखाली घड्याळ सैल होऊन मनगटाच्या टोकापर्यंत घसरलं होतं. समोर 'पी' पेटलेला. डाव्या सीटवर ती उशी.

"पाव्हणं," ते म्हणाले, जणू काल भेटलो होतो. "पाठ बरी हाय का?"

मी मान हलवली. मला म्हणायचं होतं, की तात्या, पाठीला काही झालं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं, "तात्या, दुसऱ्यातच चालवताय?"

मागून हॉर्न वाजत होते. त्यांनी एकदा त्या उशीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांचा चेहरा तसा झाला, पुरणपोळीची गोष्ट सांगताना व्हायचा तसा.

"काय सांगायचं," ते म्हणाले. "रुसलीय."

ट्रॉली बाजूला झाली. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी ओरडत पुढं निघाली. दार मला हाताच्या अंतरावर होतं, आतून कडी नव्हती, हे मी पाहिलं होतं. मी ते उघडलं नाही. इंदापूरचा रस्ता सोडून त्यांच्या मागं वळलो मात्र. बाकीचे एकेक करून त्यांना मागं टाकून, वळून बघत, शिव्या देत निघून गेले. मी कळसपर्यंत तसाच राहिलो, त्यांच्या धुळीत, दुसऱ्या गिअरमध्ये.